विंडोज बदललं अन् कॅमेरा दिसेना? टेदरिंग परत सुरू करायचा क्रम

जूनचा दुसरा आठवडा म्हणजे लातुरातल्या फोटोवाल्यांची सुगी. दहावीचा निकाल लागलेला असतो, नांदेड-परभणी-हिंगोलीकडची पोरं क्लास लावायला येऊन खोल्या शोधत असतात, आणि प्रत्येकाला गळ्यात अडकवायला ओळखपत्र लागतं. अशाच एका क्लासमध्ये सकाळी सात वाजता ३४० पोरं रांगेत उभी होती. मी कॅमेरा लॅपटॉपला जोडला, पहिल्या पोराचा फोटो काढला, आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही. पुन्हा काढला. तेच. रांगेतून आवाज आला, "काका, काय करायलात? आमचं लेक्चर हाय."

आदल्या रात्री मी लॅपटॉप विंडोज ११ वर नेला होता. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार, असं तेव्हा जो तो सांगत होता. म्हटलं, उरकून टाकू. कामाच्या आदल्या रात्री असलं काही उरकायचं नसतं, हे पंचवीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाला कळायला पाहिजे होतं.

मग चार तास मी नको ते सगळं केलं. सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं, भाच्याला गंजगोलाईत पिटाळून दोन नव्या केबल आणवल्या, कॅमेरा रिसेट मारला. दुपारी कळलं की कॅमेरा धड होता, केबल धड होती, ड्रायव्हरही (विंडोजला कॅमेऱ्याशी बोलायला लागणारा प्रोग्राम) जागेवर होता. दुसऱ्याच एका प्रोग्रामनं कॅमेरा आधी धरून ठेवला होता. तो बंद करायला दहा सेकंदं लागली.

नंतर उदगीर, अंबाजोगाई, धाराशिवकडच्या ओळखीच्या फोटोवाल्यांचेही असेच फोन यायला लागले. दरवेळी तेच प्रश्न विचारता विचारता माझा एक क्रम बसला. तो खाली देतोय. मधल्या पायऱ्या गाळू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि कॅमेरा सुरू झाला, तर कशानं सुरू झाला ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा चार तास.

नव्या मंडळींसाठी दोन ओळी. कॅमेरा केबलनं (किंवा वायफायनं) कॉम्प्युटरला जोडून काढलेला फोटो थेट स्क्रीनवर आणणं, त्याला टेदरिंग म्हणतात. ओळखपत्रांच्या कामात याचा फायदा असा की फोटो येतानाच त्याला रोल नंबरचं नाव देता येतं, आणि डोळे मिटलेलं पोरगं रांगेतून जायच्या आत परत बसवता येतं. सोनाराकडे बोरमाळ किंवा ठुशीचे फोटो काढताना तर मला याशिवाय हातच चालवता येत नाही. कॅमेऱ्याच्या इवल्या स्क्रीनवर मण्यांमधलं फोकस ठीकच वाटतं. लॅपटॉपवर शंभर टक्के मोठं करून पाहिलं की खरं काय ते दिसतं.

सुरू करण्याआधी जवळ काय काय हवं

- कॅमेऱ्याची पूर्ण चार्ज केलेली बॅटरी. अर्ध्या बॅटरीवर तपासणी करत बसू नका.
- कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ केबल, किंवा आधी चाललेली केबल.
- कार्ड रीडर आणि एक रिकामं कार्ड.
- कॅमेऱ्याचा सीरियल नंबर लिहून ठेवलेला. कॅननची सॉफ्टवेअर उतरवताना तो विचारतात.
- लाइटरूम किंवा कॅप्चर वन (फोटो घ्यायची आणि सुधारायची सॉफ्टवेअर) विकत घेतलं असेल तर त्याचा लॉगिन आणि पासवर्ड. अपग्रेडनंतर सॉफ्टवेअर पुन्हा साइन इन करायला सांगू शकतं.
- कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड. लॅपटॉप क्लासचा किंवा संस्थेचा असेल तर तो ज्याच्याकडे आहे तो माणूस.
- वही-पेन. खरंच.

१. आधी आजचं काम वाचवा

गिऱ्हाईक समोर उभं असेल तर दुरुस्ती पाच मिनिटांच्या वर करू नका. केबल काढा, कार्डवर फोटो काढा. मी त्या दिवशी उशिरा का होईना, हेच केलं. प्रत्येक पोराच्या हातात रोल नंबर लिहिलेला कागद दिला, एक फोटो कागदासकट आणि लगेच दुसरा कागदाशिवाय. रात्री बसून नावं दिली. तीन तास गेले, पण ३४० च्या ३४० पोरांचे फोटो झाले.

रॉ (कॅमेऱ्याची मूळ, मोठी फाइल) काढायचीही गरज नव्हती. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापायला ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात. छोट्या जेपेगवर भागतं, कार्ड भरत नाही आणि कॉपीही पटकन होते.

२. बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फोटो कॅमेऱ्यातून स्क्रीनवर यायला पाच टप्पे ओलांडतो: कॅमेरा, केबल, ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर आणि शेवटी तो ज्या फोल्डरमध्ये पडतो ते फोल्डर. अपग्रेडनं बदललेले असतात ते शेवटचे तीन. पण आपण शिव्या घालतो पहिल्या दोघांना, कारण ते हातात असतात.

तपासायचं असं. सगळे फोटोचे प्रोग्राम बंद करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. लक्षात घ्या, रीस्टार्ट. शट डाउन करून परत चालू करणं नव्हे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो. म्हणजे अडकलेलं अडकलेलंच राहतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. "तीनदा बंद करून चालू केलं हो" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी रीस्टार्ट एकदाही केलेलं नसतं.

मग कॅमेरा जोडा, चालू करा आणि कान द्या. विंडोज 'टिंग-टाँग' वाजवतं का?

आवाजच आला नाही, तर कॅमेरा किंवा केबलकडे बघा: पायरी ३ आणि ४.

आवाज आला, तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'पोर्टेबल डिव्हायसेस' या गटात कॅमेऱ्याचं नाव दिसायला पाहिजे. सोनीचा कॅमेरा 'पीसी रिमोट'मध्ये असेल तर तो दुसऱ्या गटातही असू शकतो, सगळे गट उघडून बघा. नाव दिसतंय आणि त्यावर पिवळा त्रिकोण नाही, म्हणजे विंडोजला कॅमेरा पूर्ण कळलाय. आता केबल-बिबलच्या मागे लागू नका, सरळ पायरी ५ वर जा. माझं घोडं इथेच अडलं होतं आणि मी केबल आणायला माणूस पाठवला.

नाव दिसतंय पण पिवळा त्रिकोण आहे, किंवा 'अननोन डिव्हाइस' असं काही आहे: पायरी ६.

सॉफ्टवेअरलाही कॅमेरा दिसतोय, पण मधूनच तुटतो: पायरी ८. सगळं जोडलेलं आहे, शटर वाजतं, पण फोटो सापडत नाही: पायरी ९.

३. केबल आणि पोर्ट

साध्या यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन वीज नेणाऱ्या, दोन डेटा नेणाऱ्या. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. दिसायला दोन्ही केबल जुळ्या बहिणी. म्हणून मोबाइलच्या दुकानातून केबल घेताना "डेटा केबल द्या" असं म्हणा आणि दुकानातच मोबाइल लावून फाइल कॉपी होते का ते बघून घ्या.

लांबीचं भान ठेवा. यूएसबी २ ला ५ मीटरची मर्यादा आहे. यूएसबी ३ ला साध्या केबलनं ३ मीटरच्या पुढे जाऊ नये. त्याहून लांब हवी तर आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली 'ॲक्टिव्ह' केबल घ्यावी लागते. दोन केबल जोडून लांब करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे भरपूर. अपग्रेडच्या आधी ते कसंबसं चालत होतं, म्हणून तो जोड धड आहे असं समजू नका.

कॅमेऱ्याच्या बाजूचं तोंडही बघा. जुन्या डीएसएलआरना मिनी पिन, कॅननच्या ५डी मार्क फोर किंवा निकॉनच्या डी८५० सारख्यांना रुंद मायक्रो-बी, नव्या मिररलेसना टाइप-सी. रुंद मायक्रो-बी फार नाजूक असते. केबल ट्रायपॉडच्या प्लेटला एक वेढा देऊन बांधा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तर ओढ पिनवर येणार नाही.

पोर्ट: हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) काढा, थेट लॅपटॉपला लावा. असेंबल केलेला डेस्कटॉप असेल तर समोरच्या नाही, मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आत एका बारीक वायरनं मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर पुष्कळदा ढिली असते.

४. कॅमेऱ्याच्या मेनूत

कॉम्प्युटरच्या अपग्रेडनं कॅमेऱ्याची सेटिंग बदलत नाही. पण घाबरून आपणच काहीतरी दाबलेलं असतं. रिसेट मारला असेल तर नक्कीच.

कॅनन: वायफाय बंद करा. बऱ्याच मॉडेलमध्ये वायफाय चालू असताना यूएसबी चालतच नाही, आणि कॅमेरा तसं स्पष्ट सांगतही नाही. मोबाइलवर फोटो घ्यायला रात्री वायफाय लावलेलं असतं आणि सकाळी विसरलेलं असतं.

सोनी: 'यूएसबी कनेक्शन' हे 'पीसी रिमोट' वर हवं. 'मास स्टोरेज' वर असेल तर कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा उघडतो, फोटो दिसतात, पण टेदरिंग होत नाही. तिथेच फोटो कुठे साठवायचे तेही ठरवता येतं: फक्त पीसी, फक्त कॅमेरा, की दोन्हीकडे. दोन्हीकडे ठेवा.

फुजी: 'यूएसबी टेदर शूटिंग' निवडा.

सगळ्यांसाठी: ऑटो पॉवर ऑफ बंद किंवा निदान अर्ध्या तासावर. टाइप-सीचे काही कॅमेरे लॅपटॉपमधूनच वीज ओढतात. ते यूएसबी पॉवरचं सेटिंग बंद करून एकदा बघा.

५. कॅमेरा आधी कुणी धरलाय?

एका वेळी एकच प्रोग्राम कॅमेरा चालवू शकतो. जो आधी पोचला त्याचा कॅमेरा. दुसऱ्यानं मागितला की त्याला 'कॅमेरा सापडला नाही' एवढंच कळतं. 'कॅमेरा दुसऱ्याकडे आहे' असं कुणी सांगत नाही, म्हणून आपण वेड्यासारखे केबल हलवत बसतो.

अपग्रेडनंतर हा गोंधळ वाढतो, कारण आपण पूर्वी बंद करून ठेवलेल्या आपोआप उघडणाऱ्या गोष्टी पुन्हा जाग्या झालेल्या असू शकतात. असे तपासा:

पहिलं ऑटोप्ले. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये जा, 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात 'ऑटोप्ले'. ते बंद करा. नाहीतर कॅमेरा लावला रे लावला की फोटो इम्पोर्टची खिडकी उघडते आणि कॅमेरा तिच्या ताब्यात जातो.

दुसरं कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर. कॅननची ईओएस युटिलिटी कॅमेरा लागताच आपोआप सुरू होईल असं ठेवता येतं. तुम्ही फोटो लाइटरूममध्ये घेणार असाल तर ती बंद पाहिजे. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. खाली उजव्या कोपऱ्यातला लहान बाण दाबा आणि तिथे तिचं चिन्ह बसलंय का बघा.

तिसरं लॉकडाउनमधलं उरलंसुरलं. २०२० मध्ये क्लास ऑनलाइन गेले तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी डीएसएलआर वेबकॅम म्हणून लावून दिले होते. तो वेबकॅमचा प्रोग्राम अजून लॅपटॉपमध्ये असतो. ब्राउझर किंवा मीटिंगचं ॲप उघडं असेल आणि त्यानं तोच कॅमेरा निवडला असेल तर झालं. लागत नसेल तर काढूनच टाका.

चौथं क्लाउडवाले. काही क्लाउड सॉफ्टवेअरही कॅमेरा लागला की 'फोटो चढवू का' विचारतात. त्यांचं ते सेटिंग बंद करा.

मग क्रम असा: कॅमेरा बंद, टेदरिंगचं सॉफ्टवेअर उघडा, सेशन सुरू करा, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा चालू. लाइटरूम क्लासिकमध्ये 'फाइल', 'टेदर्ड कॅप्चर', 'स्टार्ट टेदर्ड कॅप्चर'. आपला प्रोग्राम आधीपासून दारात उभा असला की कॅमेरा बहुधा त्यालाच मिळतो.

६. पिवळा त्रिकोण: ड्रायव्हर आणि 'हलकी' विंडोज

त्रिकोणावर डबल क्लिक केली की एक कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. १० म्हणजे डिव्हाइस सुरू होऊ शकलं नाही. ४३ म्हणजे डिव्हाइसनंच गडबड कळवली म्हणून विंडोजनं ते थांबवलं; ४३ दिसला तर एकदा पायरी ३ वर परत जा.

उपाय साधा आहे. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो हिडन डिव्हायसेस' करा. जुन्या कॅमेऱ्याच्या फिकट नोंदी दिसतील. त्या आणि त्रिकोणवाली नोंद, दोन्ही उजव्या क्लिकनं 'अनइन्स्टॉल' करा. केबल काढा, रीस्टार्ट करा, परत लावा. विंडोज नव्यानं ओळख करून घेतं.

एवढ्यानं झालं नाही तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा. यादीत 'विंडोज इमेज ॲक्विझिशन' आणि 'पोर्टेबल डिव्हाइस एन्युमरेटर सर्व्हिस' ही दोन नावं बघा. 'डिसेबल्ड' असतील तर 'मॅन्युअल' किंवा 'ऑटोमॅटिक' करून 'स्टार्ट' दाबा.

आणि ती नावं यादीत नसतीलच तर? मग विंडोज कुणी मारून दिली ते आठवा. जुना लॅपटॉप ११ ला पात्र नसला (त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा) की बरेच जण पाचशे रुपयांत 'लाइट' विंडोज मारून घेतात. ती पळते छान, कारण तिच्यातून कुणीतरी 'नको असलेले' भाग कापलेले असतात. त्यात कॅमेऱ्याशी बोलणारा भागही गेला असेल तर ड्रायव्हर शोधून काही मिळणार नाही. माझ्या भागातल्या एका मित्राचं असंच झालं. दोन आठवडे तो केबल बदलत होता. शेवटी मूळ विंडोज टाकली आणि पहिल्याच दमात कॅमेरा लागला. 'एन' नावाची एक अधिकृत आवृत्तीही असते. तिच्यात मीडियाचा भाग नसतो, पण तो सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'मीडिया फीचर पॅक' घेऊन भरून काढता येतो.

'ड्रायव्हर अपडेटर' नावाचे फुकट प्रोग्राम टाकू नका. कॅमेऱ्याला त्यांचा उपयोग शून्य, आणि ते सोबत काय काय आणतात ते विचारू नका.

७. सॉफ्टवेअर नवं पाहिजे, पण कुठलं?

कॅननला ईओएस युटिलिटी, निकॉनला एनएक्स टेदर, सोनीला इमेजिंग एज डेस्कटॉप. तिन्ही फुकट, तिन्ही कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यायची. तिथे आधी आपलं मॉडेल, मग आपली ऑपरेटिंग सिस्टिम निवडा. जुन्या सीडीतलं टाकू नका. कॅननच्या जुन्या मॉडेलना युटिलिटीची दुसरी आवृत्ती लागते, नव्यांना तिसरी.

एक महत्त्वाची परीक्षा: लाइटरूमला कॅमेरा दिसत नाही, पण कंपनीच्या सॉफ्टवेअरला दिसतो का? दिसत असेल तर विंडोज, केबल, कॅमेरा सगळे सुटले. दोष लाइटरूमच्या आवृत्तीत, किंवा त्या आवृत्तीच्या यादीत तुमचं मॉडेल नाही. विंडोजवर कॅनन-निकॉनसाठी डिजिकॅमकंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअरही आहे. मी ते पडताळणीसाठी ठेवतो.

८. लाइट गेली की कॅमेरा गेला

अंबाजोगाईच्या एका पोराचा फोन आला: "दादा, कॅमेरा दहा मिन्टं चालतो अन् तुटतो. परत लावला की परत चालतो." मी विचारलं, लाइट कधी गेली? म्हणाला, तेव्हाच की हो.

कारण असं. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'बॅटरीवर असताना' आणि 'चार्जर लावलेला असताना' अशा वेगवेगळ्या सेटिंग असतात. बॅटरीवर गेलं की वीज वाचवायला ते रिकामे वाटणारे यूएसबी पोर्ट झोपवतं. दोन फोटोंच्या मध्ये आपण पोराची कॉलर नीट करत असतो. पोर्टला वाटतं, काम संपलं. अपग्रेडनंतर हे सेटिंग पुन्हा मूळपदावर गेलेलं असू शकतं.

कंट्रोल पॅनेल उघडा, 'पॉवर ऑप्शन्स', आपल्या प्लॅनचं 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', मग 'ॲडव्हान्स्ड'. त्यात 'यूएसबी सेटिंग्ज' आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'. दोन्ही ठिकाणी 'डिसेबल्ड' करा. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' वर डबल क्लिक करा आणि 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देण्याची खूण काढा. रूट हब दोन-तीन असतील तर सगळ्यांची काढा. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा.

डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसशिवाय टेदरिंग करूच नये. इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होऊन सेशन जातं.

९. फोटो निघतोय, पण गेला कुठे?

सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं की फोटो साठवायचं फोल्डर आणि फाइलचं नाव मूळपदावर जाऊ शकतं. आधी तेच बघा.

दुसरं वनड्राइव्ह. विंडोज ११ लावताना 'फोल्डरचा बॅकअप घ्यायचा का' असं विचारलं जातं आणि आपण न वाचता 'हो' दाबतो. मग 'पिक्चर्स' आणि 'डेस्कटॉप' ही फोल्डरं वनड्राइव्हच्या आत जातात. नाव तेच, पत्ता वेगळा. जुन्या पत्त्यावर फोटो शोधणाऱ्याला फोल्डर रिकामं दिसतं. शिवाय फुकटची जागा फक्त ५ जीबी. रॉ फाइल पंचवीसेक एमबीची धरली तर दोनशे फोटोंत भरली. मीही न वाचता 'हो' दाबलं होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत होतो, आणि दिवसाचा २ जीबी डेटा सकाळी अकराच्या आत संपला तेव्हा कारण शोधायला लागलो.

डी ड्राइव्हवर 'टेदर' नावाचं साधं फोल्डर करा आणि सगळी सॉफ्टवेअर तिकडेच वळवा. तरीही फाइल लिहिली जात नसेल तर विंडोज सिक्युरिटीतलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' कुणी चालू केलंय का ते बघा. त्यात आपल्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या.

१०. मॅकवाल्यांसाठी

भाच्याकडे मॅकबुक आहे, म्हणून हे त्याच्याकडून शिकलेलं.

मॅकओएस व्हेंच्युरापासून (२०२२) ॲपलच्या चिपवाल्या मॅकबुकला नवी यूएसबी वस्तू लावली की 'जोडू देऊ का' असा प्रश्न येतो. चुकून 'नको' दाबलं तर कॅमेरा चार्ज होतो पण दिसत नाही. 'सिस्टिम सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'अलाउ ॲक्सेसरीज टू कनेक्ट' इथे जाऊन बदला.

मॅकवरही कॅमेरा धरून ठेवणारे आहेत. कॅमेरा लावून 'इमेज कॅप्चर' उघडा. खाली डाव्या कोपऱ्यात हा कॅमेरा लागल्यावर काय उघडायचं ते विचारलेलं असतं, तिथे 'नो ॲप्लिकेशन' करा. 'फोटोज'मध्येही अशी खूण असते, ती काढा. एवढं करूनही अडलं तर 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर'मध्ये 'पीटीपी' ही तीन इंग्रजी अक्षरं शोधा. 'पीटीपीकॅमेराडी' नावाची प्रक्रिया दिसेल. मॅक स्वतः कॅमेऱ्याशी बोलतो तो हिच्यामार्फत. ती 'फोर्स क्विट' करा आणि लगेच टेदरिंग सुरू करा. रेंगाळू नका, ती पुन्हा उभी राहते.

वायफायनं टेदर करणाऱ्यांनी सेक्वोया (२०२४) आणि पुढच्या आवृत्तीत 'प्रायव्हसी'मधल्या 'लोकल नेटवर्क'मध्ये आपल्या सॉफ्टवेअरला परवानगी द्यावी. विंडोजवर त्याचंच भावंड म्हणजे नेटवर्कचा प्रकार: तो 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा, पण फक्त आपल्या स्वतःच्या राउटरवर.

आणि जुनं सॉफ्टवेअर उघडतच नसेल, तर ते ३२ बिटचं असेल. तसली सॉफ्टवेअर मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून बंद झाली. त्याला इलाज नाही, नवंच घ्या.

११. काही केल्या जमेना

एक आडवाट आहे आणि ती मजबूत आहे. कंपनीच्या सॉफ्टवेअरनं फोटो 'टेदर' फोल्डरमध्ये टाकायचे आणि लाइटरूमच्या 'ऑटो इम्पोर्ट'ला त्या फोल्डरवर नजर ठेवायला सांगायचं. फोटो दोन-तीन सेकंद उशिरा येतो, एवढंच. मी आता ओळखपत्रांचं सगळं काम असंच करतो, कारण लाइटरूमचं अपडेट आलं तरी कॅमेऱ्याचं बोलणं त्याच्यावर अवलंबून नाही.

आणि शेवटचा उपाय मागे फिरण्याचा. विंडोज अपग्रेड करून १० दिवस झाले नसतील तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' मध्ये 'गो बॅक' असतं. फाइली राहतात, पण अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम जातात. या दिवसांत जागा मोकळी करायला म्हणून 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसू नका; परतीचा रस्ता त्यातच आहे. तरीही आधी फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या. मागे गेलात तर एक लक्षात असू द्या: विंडोज १० ला आता सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येत नाहीत, म्हणून त्या मशीनवर बँकेचं काम करू नका.

मदत मागायची तर

एवढं वहीत लिहून मग कुणालाही विचारा: कॅमेऱ्याचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती, कॅमेरा लावल्यावर आवाज येतो का, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव कुठे दिसतं, आणि अपग्रेड किती दिवसांपूर्वी केलं. जी चूक स्क्रीनवर येते तिचा मोबाइलनं फोटो काढून पाठवा, आठवून सांगू नका. आणि फोन कॅमेरा, लॅपटॉप दोन्ही समोर ठेवून करा. गाडीवरून "काय झालं असंल हो?" असं विचारलं तर मला तरी काय दिसणार.